परवान्याचा नंबर उसना घ्यावा का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखक गेली आठ वर्षे घरांतल्या आणि लहान कार्यालयांतल्या हीटिंग व कूलिंगच्या यंत्रणा बसवणाऱ्या एका कंपनीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करतात. रेफ्रिजरंट, म्हणजे आपण बोलताना ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतो तो, हाताळण्याचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहे, आणि जुने ग्राहक आता कंपनीऐवजी थेट त्यांनाच फोन करू लागले आहेत. स्वतःचा व्यवसाय सुरू करावा असे त्यांना वाटते. पण कंत्राटदाराचा परवाना नाही, परीक्षेची धास्ती आहे आणि परवान्याच्या अर्जावर अनुभवाची सही ज्यांच्याकडून घ्यायची ते सध्याचे मालकच आहेत. अशातच ओळखीच्या एका निवृत्त कंत्राटदाराने ‘माझ्या परवान्याचा नंबर वापर, प्रत्येक कामामागे मला हिस्सा दे’ असे सुचवले आहे. पत्रलेखक विचारतात: हाताला काम येत असताना या कागदाची गरज किती, हा प्रस्ताव स्वीकारावा का, आणि मालकांशी कसे बोलावे?

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तो परवान्याविषयीचा प्रश्न वाटला; दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की निवृत्त कंत्राटदाराच्या प्रस्तावाने तुम्ही अस्वस्थ झाला आहात आणि ती अस्वस्थता रास्त आहे की नाही, हे तुम्हाला कोणाकडून तरी ऐकायचे आहे. ती रास्त आहे. मात्र ती का रास्त आहे हे सांगण्यापूर्वी तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या दोन-तीन गोष्टी तपासायला हव्यात, कारण असेच प्रश्न घेऊन लिहिणाऱ्या अनेकांच्या मनात त्याच असतात. तुम्ही राहता त्या ठिकाणाचा उल्लेख तुमची ओळख पटू नये म्हणून करत नाही; नियमांची उदाहरणे मात्र मुख्यतः अमेरिकेतल्या राज्यांची घेतो, कारण या व्यवसायाच्या परवान्याचे नियम तिथे फार बारकाईने लिहिलेले आहेत.

तुम्ही लिहिता, ‘गॅसचे प्रमाणपत्र आहे, म्हणजे अर्धे काम झालेलेच आहे.’ हे तसे नाही. अमेरिकेत हे प्रमाणपत्र हवेच्या शुद्धतेविषयीच्या केंद्रीय कायद्यातील कलम 608 खाली मिळते. छोटी उपकरणे, जास्त दाबाच्या यंत्रणा, कमी दाबाच्या यंत्रणा आणि या सर्वांना लागू पडणारे ‘युनिव्हर्सल’ असे त्याचे चार प्रकार आहेत, आणि एकदा मिळाले की त्याची मुदत संपत नाही. त्या परीक्षेत एकच गोष्ट पाहिली जाते: रेफ्रिजरंट हवेत न सोडता तो परत कसा गोळा करायचा, गळती कशी शोधायची आणि सिलिंडर कसे हाताळायचे, हे तुम्हाला कळते की नाही. एखाद्या घराला किती टनांची यंत्रणा लागेल, डक्टचा, म्हणजे हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या मार्गाचा, आकार किती असावा, जळलेल्या वायूला बाहेर जायला पुरेशी वाट आहे का, ग्राहकाशी केलेला करार कायद्याने टिकेल का, यांपैकी एकही प्रश्न त्या प्रमाणपत्राच्या कक्षेत येत नाही. 1997 साली स्थापन झालेल्या ‘नेट’ (NATE) या तंत्रज्ञांची परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचे प्रमाणपत्र तंत्रज्ञाची गुणवत्ता उत्तम दाखवते, पण तेही ऐच्छिक आहे. ही दोन्ही प्रमाणपत्रे तुमच्या हातांविषयी बोलतात. कंत्राटदाराचा परवाना दुसऱ्याच गोष्टीविषयी आहे: ग्राहकाच्या घरात झालेल्या कामाला कायद्यापुढे उत्तर कोण देणार, हे तो ठरवतो.

तो कोण देतो, हेही ठिकाणागणिक बदलते. टेक्सासमध्ये राज्याचा परवाना आहे आणि त्याचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ वर्गाला यंत्रणेच्या आकाराची मर्यादा नाही. ‘ब’ वर्गाच्या परवान्यावर 25 टनांपर्यंतचे कूलिंग आणि ताशी 15 लाख बीटीयूपर्यंतचे (बीटीयू हे उष्णता मोजण्याचे एकक) हीटिंग करता येते. कॅलिफोर्नियात या कामासाठी ‘सी-20’ हा वेगळा वर्ग आहे. कोलोरॅडोत राज्यस्तरावर असा परवानाच नाही; तिथे डेन्व्हरसारखी शहरे आपापले परवाने देतात, त्यामुळे एका शहरात चालणारा कागद शेजारच्या गावात चालेलच असे नाही. ब्रिटनमध्ये इंधनाच्या गॅसवर चालणाऱ्या उपकरणांचे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्यांनाच करता येते, 1 एप्रिल 2009 पासून या नोंदवहीने जुन्या ‘कॉर्गी’ नोंदणीची जागा घेतली. म्हणून ‘परवाना कसा काढायचा’ हे एखाद्या मित्राला विचारण्यापूर्वी ‘माझ्या पत्त्यावर परवाना देणारा अधिकारी कोण’ हे त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयातच विचारावे. मित्राचे उत्तर त्याच्या गावापुरते आणि त्याने परीक्षा दिली त्या वर्षापुरते खरे असते.

आता हाताला काम येत असताना कागद कशाला, या प्रश्नाकडे येतो. यामागची भावना मला समजते, कारण मीही तंत्रज्ञ म्हणूनच सुरुवात केली. ब्रेझिंग करताना, म्हणजे तांब्याचे पाइप तापवून वितळलेल्या धातूने जोडताना, पाइपमधून नायट्रोजन सोडत राहिले नाही तर तांब्याच्या आत काळी खपली धरते, आणि पुढे हीच खपली सुटून रेफ्रिजरंटचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी जाऊन बसते, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. माझ्या उस्तादाने कापलेला पाइप उजेडात धरून दाखवले. पाइपमधली हवा पंपाने ओढून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनपर्यंत (हे उरलेल्या दाबाचे माप) नेऊन, पंप बंद करून, काटा चढतो का हे थांबून पाहण्याचा संयमही हातानेच येतो. तुमच्याकडे हे सारे आहे, असे तुमच्या पत्रातून दिसते, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे.

तरीही मला एक घर आठवते. तिथल्या फर्नेसचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे, काम ज्या तंत्रज्ञाने केले होते त्याच्या कौशल्याविषयी मला आजही आदर आहे. जुनी फर्नेस काढून त्याने 90 टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची नवी कंडेन्सिंग फर्नेस बसवली होती. सांधे नेटके होते, निचऱ्याच्या नळीला अचूक उतार होता, आणि धूर बाहेर नेणारा प्लॅस्टिकचा पाइप भिंतीतून सरळ बाहेर काढलेला होता. मी त्या घरी गेलो होतो ते दुसऱ्याच कामासाठी. तळघरात गॅसवर चालणारा मोठा गीझर सुरू होता. सवयीने मी त्याच्या वरच्या उघड्या झाकणाजवळ, जिथून हवा आत ओढली जायला हवी तिथे, एक छोटा आरसा धरला. आरशावर वाफ धरली. गीझर नुकताच पेटला असेल, चिमणी तापली की ओढ सुरू होईल, म्हणून पाच मिनिटे थांबलो आणि पुन्हा आरसा धरला. पुन्हा वाफ धरली. याचा अर्थ जळलेला वायू चिमणीतून वर न जाता त्या खोलीतच सांडत होता.

कारण साधे होते. पूर्वी फर्नेस आणि गीझर दोघांचा धूर एकाच रुंद विटांच्या चिमणीतून जात असे आणि फर्नेसच्या उष्णतेने ती चिमणी तापलेली राहत असे. फर्नेस स्वतंत्र पाइपने बाहेर गेली आणि गीझर त्या मोठ्या, थंड चिमणीत एकटा उरला. त्याच्या थोड्याशा उष्णतेने एवढी चिमणी तापेना, त्यामुळे ओढही तयार होईना. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. त्या घरातल्या माणसांना सकाळी डोके दुखते एवढेच कळत होते. चिमणीत योग्य मापाचा आतला पाइप घालून तो दोष दूर करता आला. तंत्रज्ञाने त्याला दिलेल्या कामात कुठेही चूक केली नव्हती. एक उपकरण काढले की त्याच चिमणीवरच्या दुसऱ्या उपकरणाचे गणित पुन्हा मांडावे लागते, हे पाहण्याची जबाबदारी कंत्राटदाराची होती, आणि त्या कामावर ती जबाबदारी ओळखणारा कोणी नव्हता. इंधन-वायूच्या संहितेत धुराच्या पाइपांच्या मापाची लांबलचक कोष्टके असतात. परीक्षेच्या तयारीत ती कंटाळवाणी वाटतात. त्या तळघरातून परत आल्यावर मला ती कधीही कंटाळवाणी वाटली नाहीत.

यंत्रणेच्या आकाराचेही असेच आहे. ‘होते तेवढ्याच टनांचे बसवा’ किंवा ‘एक टन जास्त असलेला बरा’ हे आपण रोज ऐकतो. एक टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा खोली झटकन थंड करून बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. हवेतला दमटपणा काढायला तिला पुरेसा वेळच मिळत नाही आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. भिंती, काचा, दिशा, गळती आणि माणसे धरून उष्णतेचा भार काढण्याची पद्धत अमेरिकेत ‘मॅन्युअल जे’ नावाने ओळखली जाते आणि डक्टची रचना ‘मॅन्युअल डी’ने होते. आठ वर्षांत तुम्ही शेकडो यंत्रणा बसवल्या असतील, पण त्यांपैकी किती यंत्रणांचे टन तुम्ही स्वतः काढले होते, याचे उत्तर स्वतःलाच प्रामाणिकपणे द्या. बहुतेक तंत्रज्ञांचे उत्तर ‘फार थोड्या’ असे असते. त्यात कमीपणा नाही, ते काम त्यांना कोणी दिलेलेच नसते. परीक्षा नेमक्या याच रिकाम्या जागेवर बोट ठेवते.

आता त्या प्रस्तावाविषयी. माझे मत स्पष्ट आहे: तो स्वीकारू नका.

कोणत्याही व्यवसायाचा परवाना दुसऱ्या पात्र व्यक्तीच्या आधारावर चालवता येतच नाही, असे मात्र समजू नका. कायद्याने त्याची सरळ वाट अनेक ठिकाणी ठेवलेली आहे. कॅलिफोर्नियात एखादी कंपनी आपल्या पात्र कर्मचाऱ्याच्या परीक्षेवर परवाना घेऊ शकते. पण मग तो कर्मचारी खरोखर नोकरीत असावा लागतो आणि त्याने आठवड्याला किमान 32 तास, किंवा व्यवसाय चालू असतो त्या वेळेच्या 80 टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढे काम करावे लागते. कामावर देखरेखही त्याचीच असावी लागते. तुमचे परिचित गृहस्थ रोज कामावर येणार असतील, तुमचे अंदाजपत्रक तपासणार असतील, तळघरात उतरून आरसा धरणार असतील, तर ती भागीदारी झाली आणि तिचा विचार अवश्य करता येईल. तुमच्या पत्रावरून तसे काही दिसत नाही. ते घरी असतील आणि त्यांचा नंबर तुमच्या गाडीवर असेल. याला परवाना भाड्याने देणे म्हणतात आणि हे नियमांचे उल्लंघन आहे.

त्याचे परिणाम तुम्हाला वाटतात त्याहून दूरवर जातात. पकडले गेल्यास दंड होईल, एवढाच हिशेब तुम्ही पत्रात मांडला आहे. मला अधिक काळजी वाटते ती सगळे सुरळीत चालले असताना घडणाऱ्या गोष्टींची. एखादा ग्राहक मोठ्या कामाचे पैसे देण्याचे नाकारतो. परवानाधारक कंत्राटदार अशा वेळी न्यायालयात जाऊ शकतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात विनापरवाना कंत्राटदाराला आपल्या मोबदल्यासाठी दावा लावता येत नाही. उलट ग्राहक आधी दिलेले सगळे पैसे परत मागू शकतो, काम कितीही चांगले झालेले असले तरीही. विम्याचेही तसेच आहे. पाण्याची नळी सुटून एखाद्याच्या घराचे छत भिजले, तर विमा कंपनी सर्वांत आधी काम कोणी केले आणि परवाना कोणाचा होता हे विचारते, आणि ही दोन नावे वेगळी निघाली की प्रकरण अवघड होते. कामाची नगरपालिकेची परवानगी ज्यांच्या नावाने काढली जाते त्यांनाच तपासनीस ओळखतो. तुम्ही केलेल्या उत्तम कामाची नोंद तुमच्या नावावर कुठेच होणार नाही, आणि पुढे स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज कराल तेव्हा या वर्षांचा अनुभव दाखवता येणार नाही. दाखवला तर तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरेल.

त्या गृहस्थांचा हेतू वाईट असेलच असे मी म्हणत नाही. निवृत्तीनंतर थोडी मिळकत व्हावी आणि एका होतकरू माणसाला हात मिळावा, असे त्यांच्या मनात असू शकते. त्यांना नकार देतानाच एक विनंती करा: दर आठवड्याला दोन तास त्यांनी तुम्हाला भार काढायला, अंदाजपत्रक करायला आणि संहिता वाचायला शिकवावे, आणि त्या वेळेचा उचित मोबदला तुम्ही त्यांना द्यावा. त्यांच्याकडे विकण्यासारखी खरी वस्तू ही आहे.

मालकांच्या सहीविषयी तुमची भीती अनाठायी नाही, पण ती जेवढी वाटते तेवढी बंद वाटही नाही. अनुभवाचा दाखला फक्त मालकच देऊ शकतो, हे गृहीतक सर्वत्र खरे नसते. कॅलिफोर्नियात तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेला सहकारी, दुसरा कंत्राटदार, इमारत-तपासनीस, वास्तुरचनाकार किंवा अभियंता यांचाही दाखला चालतो. टेक्सासमध्ये मात्र अनुभव परवानाधारक कंत्राटदाराच्या देखरेखीखालचाच लागतो, त्यामुळे तिथे मालकाला वगळून फारसे पुढे जाता येत नाही. तुमच्या ठिकाणी कोणाकोणाच्या सह्या चालतात हे आधी तपासा, म्हणजे मालकांशी बोलताना तुम्ही त्यांच्यापुढे अगतिक होऊन उभे राहणार नाही.

त्यांच्याशी बोलावे मात्र लागेलच, आणि माझ्या मते ते लवकर बोलावे. ‘मी जाणार आहे’ याऐवजी ‘मला परीक्षा द्यायची आहे’ असे म्हणून सुरुवात करा. हे खरेही आहे. एका कंपनीत दोन परवानाधारक असणे मालकांच्याही फायद्याचे असते, कारण ते आजारी पडले किंवा निवृत्त झाले तर आज त्यांची कंपनी एका दिवसात थांबते. तुम्ही त्यांच्या वयाविषयी काही लिहिलेले नाही. ते साठीच्या आसपास असतील आणि घरातले कोणी हा व्यवसाय पुढे नेणारे नसेल, तर पाच वर्षांनी ती कंपनी विकत घेण्याचे बोलणे आजच सुरू होऊ शकते. नवे नाव, नवे ग्राहक आणि नव्या गाड्या उभ्या करण्यापेक्षा ते कदाचित सोपे जाईल. जे ग्राहक तुम्हाला थेट फोन करतात त्यांच्याविषयी मात्र एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. नोकरीत असताना त्यांची कामे बाहेरून घेऊ नका. तुम्हाला लागणाऱ्या सहीचे मोल त्या दोन-चार कामांच्या मोबदल्यापेक्षा फार मोठे आहे, आणि मालकांनी आठ वर्षे दाखवलेल्या विश्वासाचेही.

परीक्षेच्या भीतीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण माझा समज असा की सगळ्या पत्रामागे तीच आहे. शाळा सोडून बरीच वर्षे झाली, वाचनाची सवय गेली, असे तुम्ही म्हणता. या परीक्षेला पाठांतर फार लागत नाही. काही ठिकाणी संहितेची पुस्तके सोबत नेऊन, उघडून उत्तरे द्यायची असतात. तिथे कसोटी लागते ती हवे ते पान वेळेत सापडण्याची. अशी सोय तुमच्याकडे असेल तर नियम कोणत्या प्रकरणात आहे एवढेच पक्के ठेवा आणि रोज रात्री दहा प्रश्न घड्याळ लावून सोडवा. पुस्तकावर खुणा किंवा चिकटपट्ट्या चालतात का, हे परीक्षेच्या सूचनांत आधी पाहा. संहितेची कोणती आवृत्ती परीक्षेला लागू आहे हेही पाहा. मित्राकडून घेतलेले जुने पुस्तक अभ्यासून गेलेले लोक मी हळहळताना पाहिले आहेत. दिवसा केलेले काम संध्याकाळी पुस्तकात शोधणे ही मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत आहे: आज कंडेन्सेटची (यंत्रणेत साचणारे पाणी बाहेर नेणारी) नळी टाकली, तर तिचा किमान व्यास आणि उतार किती सांगितला आहे, आज फर्नेस लहान खोलीत बसवली, तर ज्वलनासाठी लागणाऱ्या हवेची तरतूद कोणत्या कलमात आहे. चार महिने असे केले की पुस्तक अनोळखी राहत नाही.

कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी व्यवसाय आणि कायदा यांची वेगळी परीक्षा असते. तांत्रिक परीक्षेची काळजी करणारे अनेक चांगले कारागीर तिकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच अडतात. या भागाकडे मी तुमचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण परवाना मिळाल्यानंतरचे तुमचे रोजचे आयुष्य त्यातच आहे. उदाहरण म्हणून हमीपत्र घ्या, ज्याला सगळे ‘बाँड’ म्हणतात. बाँड म्हणजे आपला विमा, असे पुष्कळांना वाटते. बाँड ग्राहकाचे रक्षण करतो. हमी देणाऱ्या कंपनीने तुमच्या चुकीपोटी ग्राहकाला पैसे दिले, तर ते ती तुमच्याकडून वसूल करते. तुमच्या रक्षणासाठी दायित्वाचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि हाताखाली माणसे ठेवलीत तर त्यांच्या दुखापतीचा विमा आणखी वेगळा. कराराचा मसुदा, आगाऊ रक्कम किती घेता येते, अतिरिक्त कामाची लेखी संमती, कर, पगारपत्रक, हे सगळे त्या परीक्षेत येते.

आणि म्हणूनच एक प्रश्न तुम्हाला विचारावासा वाटतो, जो तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. तुम्हाला कंत्राटदार व्हायचे आहे, की अधिक मान आणि अधिक मोबदला मिळणारा तंत्रज्ञ व्हायचे आहे? तुमच्या पत्रात कामाचे वर्णन येते तिथे तुमचे शब्द खुलतात: बंद पडलेला कॉम्प्रेसर, कुणालाही न सापडलेली गळती, मध्यरात्री पुन्हा सुरू झालेली फर्नेस. कंत्राटदाराचा दिवस यात जात नाही. तो अंदाजपत्रकांत, फोनवर, थकबाकी मागण्यात, तपासनीसाची वाट पाहण्यात आणि दुसऱ्याच्या हातून झालेली चूक स्वतःची म्हणून दुरुस्त करण्यात जातो. ते करताना मला समाधान मिळाले, पण पहिल्या दोन वर्षांत गेज हातात घेतल्याचे दिवस मोजके होते आणि त्याची मला उणीव भासली. मोठ्या इमारतींचे चिलर, शीतगृहांचे रेफ्रिजरेशन, इमारतींच्या नियंत्रण यंत्रणा अशा वाटांनी तंत्रज्ञ राहूनही पुष्कळ पुढे जाता येते. ही वाट निवडणे म्हणजे माघार नव्हे. मात्र हा निर्णय परीक्षेच्या भीतीपोटी घेऊ नका, कामाच्या आवडीपोटी घ्या. खात्री नसेल तर मालकांना विनंती करून महिनाभर त्यांच्याबरोबर अंदाजपत्रकांना जा आणि त्या महिन्याच्या शेवटी स्वतःच्या मनाचा कौल पाहा.

कौल कंत्राटदारीच्या बाजूने लागला, तर सुरुवात लहान परवान्याने करायला संकोचू नका. टेक्सासच्या ‘ब’ वर्गासारखी मर्यादा घरांच्या आणि लहान कार्यालयांच्या कामाला पुरून उरते. घरात बसणारी यंत्रणा सहसा पाच टनांच्या पुढे जात नाही. शिवाय काळही शिकलेल्या माणसाच्या बाजूचा आहे. ओझोनला अपाय करणाऱ्या आर-22 या रेफ्रिजरंटचे उत्पादन आणि आयात अमेरिकेत 1 जानेवारी 2020 पासून बंद झाली. त्याच्या जागी आलेल्या आर-410ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 2,088 पट आहे, आणि 2025 च्या सुरुवातीपासून घरगुती वातानुकूलनाच्या नव्या उपकरणांसाठी 700 ची मर्यादा आली. तिच्या आत बसणारे आर-32 (675) आणि आर-454बी (466) हे दोन्ही सौम्य ज्वलनशील वर्गातले आहेत. खोलीचा आकार आणि रेफ्रिजरंटचे प्रमाण यांचा मेळ, गळती ओळखणारे सेन्सर, जोडणीच्या वेळची दक्षता, हे सगळे आता नव्याने शिकावे लागते, आणि ते वीस वर्षे मुरलेल्या कंत्राटदारालाही तुमच्याइतकेच नवे आहे.

शेवटी एक गोष्ट या आठवड्यातच करावी अशी आहे. अनुभवाला मुदत असते. टेक्सासमध्ये अर्जापूर्वीच्या 72 महिन्यांतला 48 महिन्यांचा अनुभव लागतो, आणि कॅलिफोर्नियात गेल्या दहा वर्षांतला चार वर्षांचा. तुमची आठ वर्षे आज भरपूर आहेत, पण नोकरी सोडून मध्येच काही काळ गेला किंवा जुने सहकारी पांगले, तर तीच वर्षे सिद्ध करणे कठीण होते. एक वही घ्या आणि गेल्या सहा वर्षांतली मोठी कामे आठवून लिहा: महिना, कामाचा प्रकार, यंत्रणेचे टन, तुम्ही नेमके काय केले, सोबत कोण होते, तपासणी झाली असल्यास कधी. पगाराच्या पावत्या आणि करांची कागदपत्रे त्याच वहीबरोबर ठेवा. मालकांकडे जाल तेव्हा कोरा अर्ज त्यांच्यापुढे ठेवू नका. ही वही आणि त्यावरून भरलेला अर्ज घेऊन जा, आणि एकेक नोंद त्यांनी वाचावी एवढा वेळ त्यांना द्या.